आधी पाणी मोजा, मग पाळी लावा

प्रति,
जागतिक रेडिओ परिषद २०२७ मध्ये भारताची बाजू मांडणारे प्रतिनिधी,
दूरसंचार विभाग, नवी दिल्ली.

सविनय नमस्कार. रेडिओ लहरी आणि उपग्रहांच्या कक्षा यांचे नियम ठरवणाऱ्या या परिषदेला तुम्ही शांघायला जाणार आहात, म्हणून हे पत्र.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला कालवा निरीक्षक. एकतीस वर्षं कालव्याच्या चाऱ्यांच्या कडेकडेने आधी सायकल आणि मग मोटरसायकल चालवली. पाणी सोडलं, पाणी बंद केलं, रात्री-अपरात्री चारी फोडणाऱ्यांना अडवलं, पाण्यावरून कुऱ्हाडी घेऊन निघालेल्या सख्ख्या भावांच्या मधे उभा राहिलो. आता नारायणगावाजवळ राहतो. आकाश बघायचा नाद शाळेपासूनचा. निवृत्तीनंतर एक बरी दुर्बीण घेतली आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना तारे दाखवायला लागलो.

अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीने मे २०१९ मध्ये स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे ६० उपग्रह एका दमात सोडले आणि मग सोडतच राहिली. पुढे एका संध्याकाळी मी मुलांना कृत्तिका दाखवत होतो, तेव्हा दोरीत ओवल्यासारखे ठिपके एका ओळीत सरकत गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आज त्या एका कंपनीचे नऊ हजारांवर उपग्रह वर फिरताहेत. मुलं अजून टाळ्या वाजवतात. माझे हात उचलत नाहीत. याबद्दल जमेल तेवढं वाचत गेलो, आणि जसजसं वाचलं तसतसं लक्षात आलं की हे भांडण माझ्या ओळखीचं आहे. हे पाण्याचं भांडण आहे.

आमच्याकडे कालव्याच्या मुखाजवळचा शेतकरी आणि टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, शेतकरी असे दोन वेगळे जन्म असतात. नवीन कालव्याला पहिली काही वर्षं पाणी मुबलक असतं, कारण खालच्या चाऱ्या झालेल्याच नसतात. वरचा माणूस तेवढ्यात ऊस लावून मोकळा होतो. पाच-सात वर्षांनी टेलपर्यंत चारी पोचते तेव्हा पाणी उरलेलं नसतं. टेलवाला तक्रार घेऊन आला की वरचा म्हणतो, साहेब, माझं उभं पीक आहे, ते जाळू का? आणि उभं पीक जाळायची हिंमत कुठल्याच अधिकाऱ्याची होत नाही. माझीही झाली नाही, हे इथे कबूल करतो. टेलच्या लोकांचा हक्क असा कागदावर राहून जिरतो.

जमिनीपासून ५०० ते १२०० किलोमीटरवरच्या कक्षांमध्ये आज हेच चाललं आहे. जुने दूरसंचार उपग्रह जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर असतात. तिथून संदेश जाऊन यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. खालच्या कक्षेतून तो वेळ सेकंदाच्या काही शंभराव्या भागांवर येतो, म्हणून इंटरनेटसाठी सगळ्यांना खालची कक्षा हवी आहे. मात्र खालचा उपग्रह दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीला फेरी मारतो, एका गावावर काही मिनिटंच राहतो. त्यामुळे एक-दोनांनी भागत नाही, हजारोंचं जाळंच लागतं. आणि युक्रेनच्या युद्धात २०२२ पासून हे जाळं सैन्याला किती कामी येतं ते जगाने पाहिलं. तेव्हापासून हा धंद्याच्या स्पर्धेचा विषय राहिला नाही. आपलं जाळं नसलेला मोठा देश स्वतःला उघडा समजायला लागला.

चीनने ग्वोवांग नावाच्या जाळ्यासाठी २०२० मध्येच जवळपास १३ हजार उपग्रहांची नोंदणी केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पहिला गट वर नेला. त्याच्या चार महिने आधी शांघायच्या च्यानफान या दुसऱ्या जाळ्याचे पहिले १८ उपग्रह गेले होते. अॅमेझॉनला २०२० मध्ये ३,२३६ उपग्रहांची परवानगी मिळाली. युरोपीय संघाने २९० उपग्रहांच्या आयरिस-स्क्वेअरसाठी डिसेंबर २०२४ मध्ये करार केले. वनवेब कंपनीचे सहाशेच्या वर उपग्रह १२०० किलोमीटरवर आहेत आणि त्यांतले ७२ आपल्या इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये दोन खेपांत नेले. ती उड्डाणं मी टीव्हीसमोर बसून पाहिली आणि मला अभिमान वाटला. तो अभिमान खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. कोणती लहर आणि कोणती कक्षा कोणाला, याची नोंद जिनिव्हाचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठेवतो. तुमची परिषदही याच संघाची. संघाच्या घटनेचं ४४ वं कलम मी मराठीत लिहून माझ्या टेबलावर लावलं आहे: लहरी आणि कक्षा ही मर्यादित नैसर्गिक साधनं आहेत, ती काटकसरीने वापरायची आणि विकसनशील देशांच्या गरजा लक्षात घेऊन सगळ्यांना समन्यायी पद्धतीने मिळायला हवीत. समन्यायी! आमच्या खात्यात हा शब्द वापरताना आवाज आपोआप खाली येतो, कारण या एका शब्दावरून महाराष्ट्रात किती मोर्चे निघाले आणि किती खटले चालले ते आम्ही पाहिलंय. पण घटनेत समन्यायी म्हणायचं आणि खालच्या कक्षेतला व्यवहार मात्र चालवायचा तो ज्याचा अर्ज आधी त्याचा हक्क आधी या नियमाने. मागून येणाऱ्याने आधीच्याला त्रास होणार नाही अशी तजवीज करायची. म्हणजे मुखाजवळच्याचा ऊस आणि टेलच्याची कोरडवाहू जमीन.

या नियमाने माणसं काय करतात तेही आम्हाला ठाऊक आहे. पाणी हवं असेल तर शेतकऱ्याने नमुना नंबर सात भरायचा. टंचाईच्या वर्षी दोन एकरांचा धनी सहा एकरांचा सात नंबर भरतो, कारण अर्ज कापला जाणार हे त्याला माहीत असतं आणि कापून तरी दोन हाती लागावेत. टोंगा या चिमुकल्या बेटराष्ट्राने १९८० च्या दशकाच्या अखेरीस भूस्थिर, म्हणजे त्या ३६ हजार किलोमीटरवरच्या, कक्षेतल्या सोळा जागांवर असाच हक्क सांगितला होता. २०२१ मध्ये रवांडाने सव्वातीन लाखांहून अधिक उपग्रहांचा अर्ज केला. डिसेंबर २०२५ मध्ये चीनच्या एका संस्थेने दोन जाळ्यांसाठी प्रत्येकी ९६,७१४ असे जवळपास दोन लाख मागितले. त्यानंतर महिन्याभरात स्पेसएक्सने अमेरिकी नियामकाकडे कक्षेतल्या डेटा सेंटरसाठी दहा लाखांपर्यंत उपग्रहांची परवानगी मागितली. यातले किती खरोखर उडतील? बहुतेक उडणार नाहीत. पण अर्ज पडला की मागच्याची रांग लांबते, आणि तेवढ्यासाठीच तो पडतो.

कागदी उपग्रहांना आळा बसावा म्हणून २०१९ मध्ये इजिप्तच्या शर्म-अल-शेखला भरलेल्या याच रेडिओ परिषदेत ३५ क्रमांकाचा ठराव झाला. अर्जापासून सात वर्षांत पहिला उपग्रह कामाला लावायचा, त्यापुढे दोन वर्षांत जाळ्याचे १० टक्के, पाच वर्षांत निम्मे आणि सात वर्षांत सगळे वर हवेत, नाहीतर हक्क कापला जाईल. हेतू चांगला होता. पण या नियमाची दुसरी बाजू तुम्ही शांघायमध्ये मांडायला हवी. पाणी वापरलं नाही तर हक्क जाईल असं सांगितलं की माणूस पीक नसतानाही रानात पाणी सोडतो. मुदत पाळायची म्हणून उपग्रह वर ढकलले जातील, गरज असो वा नसो. ग्वोवांगच्या हिशेबाने २०३२ पर्यंत निम्मे म्हणजे साडेसहा हजार वर हवेत. अॅमेझॉनला अमेरिकी नियामकाची वेगळी मुदत आहे, जुलै २०२६ पर्यंत १,६१८ उपग्रह, आणि ती पाळता येत नाही म्हणून वाढवून मागायची वेळ आली. या घाईत रॉकेटं कशी वापरली जातात त्याचं उदाहरण लगेच मिळालं. च्यानफानच्या पहिल्याच उड्डाणात, ऑगस्ट २०२४ मध्ये, रॉकेटचा वरचा टप्पा कक्षेत फुटला आणि अमेरिकी लष्कराने तीनशेच्या वर तुकडे मोजले. ते सुमारे ८०० किलोमीटरवर आहेत. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की तुकडे खाली यायला अनेक दशकं जातात. ५५० किलोमीटरवरचा मेलेला उपग्रह काही वर्षांत आपोआप पडतो. बाराशेवरचा शतकानुशतकं राहतो. हा उंचीचा फरक वाटपाच्या नियमात कुठेही दिसत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी माझ्यासारख्या कालव्यावरच्या माणसाला समजूच शकत नाही: या कालव्याची वहनक्षमता कुणी ठरवलेलीच नाही. पाचशे क्युसेक्सच्या कालव्यात सातशे सोडले तर भराव फुटतो, हे शिपायालाही कळतं. ५५० किलोमीटरच्या थरात किती उपग्रह सुरक्षित फिरू शकतात, याचा सर्वांनी मान्य केलेला आकडा नाही. दूरसंचार संघ लहरींची टक्कर बघतो, धातूची टक्कर त्याच्या अखत्यारीत येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश समितीने २०१९ मध्ये २१ मार्गदर्शक तत्त्वं दिली, ती बंधनकारक नाहीत. परवाना ज्याचा त्याचा देश देतो. प्रत्येक देश आपल्या कंपनीचा अर्ज सुटा तपासतो आणि बेरीज कुणीच करत नाही.

बेरीज केली तर काय दिसतं? युरोपीय अवकाश संस्थेच्या हिशेबाने एका सेंटिमीटरपेक्षा मोठे बारा लाखांहून अधिक तुकडे आज पृथ्वीभोवती फिरताहेत, सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने. स्टारलिंकच्या उपग्रहांना डिसेंबर २०२४ ते मे २०२५ या सहा महिन्यांत टक्कर टाळण्यासाठी सुमारे १ लाख ४४ हजार वेळा बाजूला व्हावं लागलं. हे बाजूला होणं आपोआप होतं आणि चांगलं होतं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण एकाच घरातले उपग्रह एकमेकांना सांभाळतात. दुसऱ्या घरातला समोर आला की काय? सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपच्या एओलस उपग्रहाला वाट बदलावी लागली, कारण समोरच्या स्टारलिंकच्या चमूला धोका वाढल्याचा निरोपच वेळेत दिसला नव्हता. २०२१ मध्ये चीनने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नोंदवली की जुलै आणि ऑक्टोबरात त्यांच्या अवकाश स्थानकाला, ज्यात माणसं होती, स्टारलिंकपासून दूर सरकावं लागलं. डिसेंबर २०२५ मध्ये चीनमधून नुकताच सुटलेला एक उपग्रह स्टारलिंकपासून सुमारे २०० मीटरवरून गेला, आणि या वेळी तक्रार स्पेसएक्सची होती: उड्डाणाआधी कुणी काही कळवलं नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या मानायला मी तयार आहे. बांधाला बांध असलेले दोन शेतकरी बोलेनासे झाले की चारी कधी फुटते ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

फेब्रुवारी २००९ मध्ये सायबेरियावर ती फुटलीसुद्धा. अमेरिकी टेलिफोन कंपनीचा इरिडियम-३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस-२२५१ एकमेकांवर आदळले आणि सुमारे दोन हजार तुकडे झाले. तेव्हा कामाचे उपग्रह हजारच्या आसपास होते. चीनने २००७ मध्ये, रशियाने २०२१ मध्ये स्वतःचेच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडून कक्षेत कचरा केला. आणि मार्च २०१९ मध्ये आपणही केला. आपला स्फोट तीनशे किलोमीटरच्या खाली होता, बहुतेक तुकडे लवकर पडले, हे खरं आहे. तरी शांघायमध्ये बोलताना ही गोष्ट लपवू नका. आपली चूक आधी मांडणाऱ्याचं म्हणणं पाणी पंचायतीत ऐकलं जातं.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. त्या संध्याकाळी मी गच्चीवर होतो. आकाशातून पेटलेल्या रेघा सरकत गेल्या, महाराष्ट्रभर लोकांनी पाहिल्या. उल्का इतक्या सावकाश जात नाहीत, म्हणून मनात शंका आलीच. रात्री बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटच्या टप्प्याचा तो भाग असावा असं तज्ज्ञांचं निदान होतं. ते उड्डाण इंटरनेटच्या जाळ्याचं नव्हतं. पण जाळ्यांसाठी आता वर्षाला शंभरावर उड्डाणं होताहेत, आणि जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातली लाडबोरी पुढची असू शकते. सणाच्या दिवशी गावात कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. अशा नशिबावर किती वर्षं काढायची?

आता घराजवळचं बोलतो. माझ्या अंगणातून सकाळी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ती जीएमआरटी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ही जागा निवडली कारण इथे रेडिओचा गोंगाट कमी होता. आम्ही आसपासचे लोक हे जपत आलो. नेदरलँड्सच्या लोफार या रेडिओ दुर्बिणीतून २०२३ मध्ये ६८ स्टारलिंक उपग्रह तपासले, त्यातल्या ४७ मधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी गळत होत्या. मुद्दाम पाठवलेल्या नव्हेत, आतल्या विजेच्या उपकरणांमधून झिरपणाऱ्या. पुढच्या वर्षी कळलं की नव्या पिढीच्या उपग्रहांची गळती ३२ पट जास्त आहे. जीएमआरटी १२० मेगाहर्ट्झपासून वरचं आकाश ऐकते. म्हणजे बराचसा तोच पट्टा. शेजारी विहिरीवर नवी मोटार बसवायची तरी आम्ही खोडदवाल्यांचा विचार करतो, पण डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाच्या या झिरपण्यावर दूरसंचार संघाचा नियमच नाही, कारण त्याचे नियम पाठवलेल्या लहरींसाठी आहेत. २०२७ च्या विषयपत्रिकेवर रेडिओ शांतता क्षेत्रांना उपग्रहांच्या जाळ्यांपासून वाचवण्याचा विषय आहे, हे मला माहीत आहे. त्या क्षेत्रांत खोडदचं नाव यावं आणि गळतीचाही विचार व्हावा, असा आग्रह धरा. हे काम दुसरा कुठलाही देश आपल्यासाठी करणार नाही.

मी उपग्रहांच्या इंटरनेटच्या विरुद्ध आहे असं कृपा करून समजू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं, गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांसाठी. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की संपर्क तुटतो. तिथल्या आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला डॉक्टरशी बोलता आलं तर एखादी बाळंतीण वाचेल. त्या माणसांना मी कक्षेच्या गर्दीचं कारण सांगून थांबा म्हणणार नाही. फायबर पोचायला दहा वर्षं लागणार असतील तर उपग्रह हवाच. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. टेलच्या माणसाला पाणी मिळावं, पण ते मुखाजवळच्या मोटारवाल्याने विकत दिलेलं असू नये. आज जे देश स्वतःचं जाळं बांधू शकत नाहीत, त्यांची वेळ येईल तेव्हा वर जागा आणि लहरी शिल्लक असाव्यात.

हे अशक्य नाही, कारण एकदा झालेलं आहे. भूस्थिर कक्षेसाठी १९८५ आणि १९८८ च्या परिषदांमध्ये विकसनशील देशांनी धरून ठेवलं आणि संघाने काही लहरींच्या पट्ट्यांत प्रत्येक सदस्य देशासाठी किमान एक जागा राखून ठेवली. देश गरीब असो, उपग्रह नसो, जागा त्याची. त्याआधी १९७६ मध्ये विषुववृत्तावरच्या आठ देशांनी बोगोटा इथे आपल्या डोक्यावरच्या कक्षेवर मालकी सांगितली होती, ती जगाने मानली नाही आणि न मानणंच योग्य होतं. १९६७ च्या अवकाश करारानुसार अवकाशावर कुणाचाच सातबारा नाही. वाटप मात्र होऊ शकतं. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत चालवली तेव्हा पाणी जमिनीच्या मापाने दिलं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर दिलं, भूमिहीनालाही दिलं आणि उसाला नाही म्हटलं. लोक हसले होते. ती पंचायत अनेक गावांनी उचलली.

तर तिथे जाऊन काय मागायचं? खालच्या कक्षेच्या प्रत्येक थराची वहनक्षमता आधी ठरवा, सगळ्या देशांच्या शास्त्रज्ञांना बसवून, आणि ती ठरेपर्यंत लाख-लाखांचे अर्ज नोंदवून घेऊ नका. मग त्यातला ठराविक हिस्सा ज्यांचं आज काहीच नाही अशा देशांसाठी बाजूला काढा, १९८८ सारखा. शेजपाळीत, म्हणजे पाळीपाळीने पाणी देताना, आवर्तन सुटलं की पाणी टेलकडून द्यायचं, मुखाचा शेवटी, असा आमचा नियम आहे. तो मोडला जातो, पण नियम तरी आहे. वर तो नियमही नाही. ३५ क्रमांकाच्या ठरावात संख्येची मुदत ठेवा, पण मेलेले उपग्रह किती वेळात खाली आणले आणि आपल्या कक्षांची माहिती शेजाऱ्यांना दिली की नाही, हेही हक्क टिकवण्याच्या अटींत घाला. मला माहीत आहे की २०२७ ची विषयपत्रिका आधीच ठरलेली असते. पण २०३१ ला काय चर्चेला यायचं ते २०२७ मध्येच ठरतं. एशिया-पॅसिफिक टेलिकम्युनिटी या आपल्या भागातल्या देशांच्या दूरसंचार संघटनेच्या बैठकांमध्ये आत्तापासून शेजारी देशांना सोबत घ्या. नेपाळ, भूतान, श्रीलंका, फिजी यांना टेल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही.

चीन आणि अमेरिका दोघांनाही आपली गरज आहे असं परराष्ट्र धोरणवाले सांगतात. असेल तर ती गरज इथे वापरा. आपण या भांडणात मुखाजवळ जाऊन बसायचा प्रयत्न करू, आपलंही पन्नास हजारांचं जाळं मागू, असा विचार दिल्लीत कुणी करत असेल तर मला त्याची काळजी वाटते. मी असे मधले शेतकरी पाहिले आहेत. वरच्याशी भांडताना ते टेलचं नाव घेतात आणि स्वतःची मोटार रात्री चालू ठेवतात.

एक शेवटची विनंती. आपण कोणती भूमिका घेऊन जाणार आहात, तिचा मसुदा शांघायला निघण्याआधी सहा महिने जाहीर करा, आणि इंग्रजीबरोबर मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये, बंगालीतही करा. आवर्तन सुटण्याआधी कालवा समितीची बैठक होते, टेलचे लोक येऊन ओट्यावर बसतात आणि चार प्रश्न विचारतात. खोडदचे शास्त्रज्ञ, लाडबोरीचे गावकरी, भामरागडची परिचारिका यांना तेवढी बैठक मिळू द्या. मसुदा हाती आला की इकडच्या सूचना लिहून वेळेत पाठवायची जबाबदारी मी घेतो.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त कालवा निरीक्षक
नारायणगाव परिसर, जि. पुणे